'इनफ', 'प्लेंटी', 'ॲम्पल': पुरेसं आणि भरपूर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला राजेंद्रनगरात मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. येणारे बहुतेक मराठी घरांतले. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि ऑफिसात इंग्रजी, असा त्यांचा दिवस जातो. व्हॉट्सॲपवर त्यांचे प्रश्न येत राहतात. 'खूप', 'पुरेसं' आणि 'भरपूर' यांना इंग्रजीत कुठे काय म्हणायचं, याबद्दलचे प्रश्न तर थांबतच नाहीत. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी शब्द मुद्दाम देवनागरीत लिहिले आहेत, म्हणजे मोठ्याने वाचता येतील.

१. 'अ लॉट', 'इनफ' आणि 'प्लेंटी' यांत फरक काय? मराठीत तर 'खूप' म्हटलं की भागतं.

भागतं खरं, पण मराठीतही आपण 'खूप' आणि 'पुरेसं' यांची गल्लत करत नाही. 'खूप' म्हणताना आपण समोरचा ढीग बघतो. 'पुरेसं' म्हणताना ढिगापेक्षा खाणाऱ्यांची तोंडं मोजतो. इंग्रजी शब्दांचेही असेच दोन गट आहेत. 'अ लॉट ऑफ', 'मच' आणि 'मेनी' ढीग मोजतात. 'इनफ', 'सफिशंट' आणि 'ॲडिक्वेट' गरज मोजतात. 'प्लेंटी' आणि 'ॲम्पल' हेही गरजच मोजतात, पण गरज भागून वर शिल्लक उरते असं सांगतात. आपल्याकडे त्याला 'पुरून उरेल' असा नेमका शब्दप्रयोग आहे.

सकाळच्या पोह्यांचंच घ्या. घरात सहा माणसं आहेत आणि सहा जणांचं होईल एवढे पोहे भिजवले, तर ते 'इनफ'. अचानक दोन पाहुणे आले आणि तरी कुणाला कमी पडलं नाही, तर 'प्लेंटी'. संध्याकाळपर्यंत कढईत पडून राहिले तर 'टू मच'. लग्नाच्या घरी पाच किलो पोहे म्हणजे 'अ लॉट' नक्कीच, पण पानं चारशे असतील तर ते 'नॉट इनफ'.

शंका आली की ही परीक्षा करून बघा. 'अ लॉट, बट नॉट इनफ' हे वाक्य बरोबर आहे, कारण ढीग मोठा असूनही गरजेला कमी पडू शकतो. 'प्लेंटी, बट नॉट इनफ' मात्र म्हणता येत नाही. पुरून उरलंय आणि पुरलं नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? पुढची बरीच उत्तरं याच फरकावर उभी आहेत.

२. 'इनफ' आधी लावायचा की नंतर?

नामाच्या आधी: 'इनफ मनी', 'इनफ चेअर्स'. विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्या नंतर: 'बिग इनफ', 'फास्ट इनफ'. क्रियापदाच्याही नंतर: 'यू डोंट स्लीप इनफ'.

आपली चूक विशेषणाच्या वेळी होते. मराठीत 'पुरेसा मोठा' म्हणतो, म्हणून तोंडातून 'इनफ बिग' निघून जातं. जोडीजोडीने मोठ्याने म्हणा: 'ओल्ड इनफ', 'गुड इनफ', 'वॉर्म इनफ', 'क्लोज इनफ'. आठवडाभर म्हटल्यावर 'इनफ बिग' कानाला टोचायला लागेल. 'इनफ बिग' चालतं अशी एक जागा आहे, ती प्रश्न १३ मध्ये बघा.

३. 'इनफ ऑफ' कधी म्हणायचं?

पुढे 'द', 'माय', 'देम' असा एखादा शब्द आला की: 'इनफ ऑफ द राइस', 'इनफ ऑफ देम'. नुसत्या नामाआधी 'ऑफ' नको, 'इनफ राइस' एवढंच. 'इनफ ऑफ दॅट!' हे वेगळं आहे. आई 'पुरे झालं आता' म्हणते ना, तेच ते.

४. यांचे उच्चार नक्की कसे?

'इनफ' मध्ये जोर 'नफ' वर. इंग्रजी स्पेलिंगमधल्या शेवटच्या दोन अक्षरांचा (जी-एच) 'फ' होतो, जसा 'टफ' आणि 'रफ' मध्ये. 'सफिशंट' मध्ये जोर 'फि' वर. 'ॲडिक्वेट' असं मी इथे सवयीने लिहिलंय, पण बोलताना शेवट 'क्विट' सारखा आखूड ठेवा, 'क्वेट' असा लांबवू नका. 'प्लेथरा' (म्हणजे 'नको इतकं', प्रश्न १२ बघा) मध्ये जोर पहिल्या अक्षरावर.

५. 'आय हॅव मच वर्क' यात चूक काय आहे? व्याकरणात तर बसतं.

बसतं, पण रोजच्या बोलण्यात असं कुणी म्हणत नाही. साध्या होकारार्थी वाक्यात एकटा 'मच' अवघडून उभा राहतो. तिथे 'आय हॅव अ लॉट ऑफ वर्क' म्हणा. नकार आणि प्रश्न यांत 'मच' मोकळा असतो: 'आय डोंट हॅव मच टाइम', 'डिड इट कॉस्ट मच?' आधी 'टू', 'सो' किंवा 'व्हेरी' असेल तर होकारातही चालतो. 'मेनी' होकारात इतका खटकत नाही, लिहिताना तर मुळीच नाही.

'अ लॉट ऑफ' नंतरचं क्रियापद नामाकडे बघून ठरतं. पाणी असेल तर 'इज', माणसं असतील तर 'आर'. आणि 'अ' व 'लॉट' हे दोन शब्द आहेत, ते सुटे लिहा. जोडून लिहिलेले मेल मला रोज दिसतात.

६. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' मध्ये एका 'अ' ने काय बिघडतं?

अर्थच फिरतो. आणि तो मराठी माणसाला चटकन कळायला हवा, कारण आपल्याकडे हेच काम 'च' करतो. 'थोडेच लोक आले' म्हणजे 'फ्यू पीपल केम', यात हिरमोड आहे. 'थोडे लोक आले' म्हणजे 'अ फ्यू पीपल केम'. निदान काही जण तरी आले, कार्यक्रम झाला. 'लिटल' आणि 'अ लिटल' चंही तेच, फक्त मोजता न येणाऱ्या वस्तूंसाठी: 'लिटल होप' म्हणजे आशा नाहीच्या बरोबर, 'अ लिटल होप' म्हणजे थोडी तरी आहे.

दोन अपवाद पाठ करून टाका. 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच. थोडे नव्हेत, बरेच! आणि 'ओन्ली अ फ्यू' म्हटलं की 'अ' असूनही अर्थ पुन्हा 'थोडेच' वर येतो.

७. मी 'आय ॲम टू हॅपी' म्हटलं तर समोरचे हसले. का?

'टू' म्हणजे हद्दीबाहेर. 'टू हॅपी' म्हणजे असावं त्याहून जास्त आनंदी, आणि मग ऐकणारा वाट बघतो की त्यामुळे काय अडलं. भारतात 'टू' सर्रास 'व्हेरी' च्या जागी बोलतात, 'टू गुड' ही तर शाबासकीच आहे. आपसांत ते खुशाल चालू द्या. परदेशी माणसाशी बोलताना मात्र 'व्हेरी' किंवा 'सो' म्हणा.

याचं मूळ आपल्या 'फार' मध्ये असावं असं मला वाटतं. 'श्रीखंड फार गोड झालंय' हे कौतुक की तक्रार? ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. इंग्रजीत चेहऱ्यावर विसंबता येत नाही, शब्दच निवडावा लागतो. कौतुक असेल तर 'व्हेरी स्वीट', तक्रार असेल तर 'टू स्वीट'.

या 'टू' पुढे क्रियापदाआधीचा दुसरा 'टू' आला की नकार आपोआप येतो: 'टू टायर्ड टू ईट', म्हणजे थकव्यामुळे जेवण झालंच नाही. 'इनफ' पुढे तो दुसरा 'टू' आला की उलट, काम होतं: 'स्ट्रॉंग इनफ टू लिफ्ट इट'. अपवाद एकच लक्षात ठेवा: 'ओन्ली टू हॅपी टू हेल्प' म्हणजे अगदी आनंदाने मदत करीन. तिथे हद्दीचा प्रश्नच नाही.

८. जेवताना 'पुरे' ला काय म्हणायचं? 'इनफ' म्हटलं तर चालेल का?

नको. माझ्याकडे शिकून गेलेला एक मुलगा लंडनला सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेला होता. सहकाऱ्याची आई सूप वाढत होती. याने आपल्या सवयीने बाउलवर आडवा हात धरला आणि म्हणाला, 'इनफ, इनफ!' त्या बाईंचा डाव तसाच हवेत थांबला आणि टेबलावर क्षणभर कुणी बोललं नाही. नुसता 'इनफ' हा दटावणीचा शब्द आहे, दंगा करणाऱ्या पोरांना गप्प करायचा. तो यजमानाला म्हणायचा नाही.

तिथे म्हणावं 'दॅट्स प्लेंटी, थँक यू'. हा 'प्लेंटी' गोड आहे, कारण तो म्हणतो की तुम्ही मला गरजेपेक्षा जास्तच दिलंत. थोडंसं हवं असेल तर 'जस्ट अ लिटल, प्लीज'. पोट भरलं असेल तर 'आय ॲम फुल' घरगुती बोलण्यात चालतं. 'माय स्टमक इज फुल' हे आपल्या 'पोट भरलं' चं शब्दशः रूप झालं, ते टाळा.

एक गोष्ट शब्दांपलीकडची. आपल्याकडे पहिल्या 'पुरे' ला यजमान ऐकत नाही. इंदूरला तर तिसऱ्या 'बस' नंतरही जिलबी पानात पडते. इंग्रज घरात पहिलं 'नो, थँक यू' हेच शेवटचं धरतात. भूक असेल तर संकोच करू नका, पुन्हा आग्रह होईल याची खात्री नाही.

९. 'सफिशंट' म्हणजे 'इनफ' च ना?

अर्थाने हो, वावराने नाही. 'इनफ' घरचा आहे, 'सफिशंट' ऑफिस, कोर्ट आणि पाठ्यपुस्तक इथला. जागाही वेगळी: 'सफिशंट' नामाच्या आधी येतो, आणि विशेषणासोबत 'सफिशंटली' होऊन त्याच्याही आधी येतो. म्हणून 'लार्ज इनफ', पण 'सफिशंटली लार्ज'. 'सफिशंट इनफ' म्हणू नका, ते 'पुरेसं पुरे' म्हटल्यासारखं होतं.

कायद्यात हा शब्द फार वजनाचा आहे. अपिलाला उशीर झाला तर लिमिटेशन ॲक्ट, १९६३ च्या कलम ५ प्रमाणे 'सफिशंट कॉज' दाखवावं लागतं. म्हणजे कारण लांबलचक असून उपयोग नाही, उशीर माफ करायला ते पुरलं पाहिजे. चेक परत येतो तेव्हा बँकेच्या मेमोवर 'फंड्स इनसफिशंट' असतं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ च्या कलम १३८ मध्येही 'इनसफिशंट' हाच शब्द आहे. खात्यात नऊ लाख असले आणि चेक दहा लाखांचा असला, तरी पैसे 'इनसफिशंट'. नऊ लाख ही रक्कम लहान नाही, पण इथे मोजमाप त्या चेकचं आहे.

गणितातली 'आवश्यक आणि पुरेशी अट' म्हणजे 'नेसेसरी अँड सफिशंट कंडिशन'. आवश्यक म्हणजे जिच्यावाचून होत नाही ती, पुरेशी म्हणजे जी एकटी असली तरी काम होतं ती. पावसाळी गवत उगवायला पाणी आवश्यक आहे, पण नुसतं पाणी पुरेसं नाही. हा फरक समजला की बोलण्यातले अर्धे वाद मिटतात असा माझा अनुभव आहे.

१०. साहेबांनी अप्रेझलमध्ये माझ्या कामाला 'ॲडिक्वेट' म्हटलं. खूश व्हायचं का?

नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'बरोबरीला आणलेलं'. म्हणजे रेघेपर्यंत पोहोचलात, वर गेला नाहीत. पाणीपुरवठा, उजेड, हवा, औषधाचा डोस यांना 'ॲडिक्वेट' म्हणणं चांगलं, कारण तिथे रेघ गाठणं हेच हवं असतं. माणसाच्या कामाला किंवा स्वयंपाकाला 'ॲडिक्वेट' म्हटलं की ते 'ठीक आहे, भागलं' असं होतं. पाहुणे म्हणून गेलात तर जेवणाला हा शब्द कधीही वापरू नका.

वकिलीकडे वळणाऱ्यांसाठी: इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, १८७२ च्या कलम २५ मध्ये सांगितलंय की संमती मोकळेपणाने दिली असेल, तर केवळ मोबदला 'इनॲडिक्वेट' आहे म्हणून करार रद्दबातल ठरत नाही. मोबदला मुळीच नसणं आणि तोकडा असणं, या दोन गोष्टी कायदा वेगळ्या धरतो.

११. बायोडेटात 'आय हॅव इनफ एक्स्पीरियन्स' लिहू का?

लिहू नका. वाचणारा विचारेल, कशाला पुरेसा? 'इनफ' काठोकाठ मोजतो, त्यात ऐपत दिसत नाही. 'ॲम्पल एक्स्पीरियन्स' बरं, कारण 'ॲम्पल' पुरून उरतो. त्याहून चांगलं म्हणजे शब्द बाजूला ठेवून आकडा लिहा: 'एट इयर्स इन फार्मा सेल्स'. पिथमपूरच्या कारखान्यांत मुलाखतीला जाणाऱ्यांना मी हेच सांगते.

'ॲम्पल' वेळ, जागा, पुरावा, संधी यांच्याशी छान जमतो: 'ॲम्पल पार्किंग', 'ॲम्पल एव्हिडन्स'. बोलण्यात तो जरा भारदस्त वाटतो, तिथे 'प्लेंटी ऑफ' आहेच.

१२. आमच्या ऑफिसात एक जण म्हणाला की 'पुरे' आणि 'प्लेंटी' हे नातेवाईक आहेत. खरं का?

खरं. मला हा प्रश्न आला की फार आनंद होतो. संस्कृत 'पूर्ण', लॅटिन 'प्लेनुस' आणि इंग्रजी 'फुल' हे एकाच जुन्या धातूतून आलेत, अर्थ भरणे. त्या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमार्गे 'प्लेंटी' आला. आपल्याकडे त्याच घराण्यातून 'पुरणे', 'पुरे', नदीला येणारा 'पूर' आणि पोळीत भरायचं 'पुरण' आलं. पुरणपोळी खाऊन कुणी 'आय ॲम फुल' म्हणालं, तर त्या दोन भाषा हजारो वर्षांनी एका ताटावर भेटल्या म्हणायच्या. 'इनफ' मात्र या घरातला नाही, तो जर्मन 'गेनुग' चा भाऊ.

ग्रीकमधला 'प्लेथरा' ही याच घरातला. तो आधी वैद्यांचा शब्द होता, अंगात रक्त प्रमाणाबाहेर वाढल्याचा. म्हणून काटेकोर लिहिणारे आजही तो 'नको इतकं' या अर्थीच ठेवतात. 'अ प्लेथरा ऑफ फॉर्म्स' शोभतं. 'अ प्लेथरा ऑफ ब्लेसिंग्ज' लिहिताना मात्र माझा हात थांबतो.

बाकीच्यांच्याही कथा ऐकण्यासारख्या आहेत. 'अबंडंट' मध्ये लॅटिन 'उंडा' म्हणजे लाट आहे: काठ ओलांडून वाहणारं ते अबंडंट. 'गॅलोर' आयरिश भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ 'पुरेसं' होता, इंग्रजीत येताना 'रेलचेल' झाला, आणि तिथल्या सवयीप्रमाणे अजूनही नामाच्या नंतरच उभा राहतो: 'स्वीट्स गॅलोर'. रात्री इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे खाण्याच्या बाजारात, पाहुण्यांना घेऊन गेलात तर तिथे हा शब्द खरा शोभतो. लॅटिनमध्ये 'पुरे' ला 'सातिस' म्हणत. त्यावरून 'सॅटिस्फाय' आला. 'ॲसेट' ही तिथूनच, कारण कर्ज फेडायला पुरेल तेवढी मालमत्ता असा त्याचा मूळ अर्थ. आणि 'सॅड' हा त्या 'सातिस' चा नात्यातला शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'तृप्त, पोट भरलेला'. भरल्या पोटाचा जडपणा, मग मनाचा जडपणा, असा तो आज दुःखापर्यंत आला.

१३. 'अ बिग इनफ हाउस' आणि 'इनफ बिग हाउसेस', दोन्ही बरोबर?

दोन्ही बरोबर, अर्थ वेगळे. पहिल्यात 'इनफ' 'बिग' ला चिकटलाय: घर पुरेसं मोठं. दुसऱ्यात तो घरांना मोजतोय: मोठी घरं पुरेशा संख्येने आहेत. प्रश्न २ मध्ये म्हटलेली जागा ती हीच.

१४. 'अ नंबर ऑफ' आणि 'द नंबर ऑफ'?

'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर', कारण 'अनेक विद्यार्थी'. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज', कारण इथे संख्येबद्दल बोलतोय.

१५. 'मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर' हे इंग्रजीत कसं सांगू?

माळव्याच्या, म्हणजे इंदूरच्या या मुलखाच्या, सुबत्तेची ही ओळ. हे एका ताईंनी बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसमोरच्या भाषणासाठी विचारलं होतं. 'लँड ऑफ प्लेंटी' हा तयार शब्दप्रयोग आहे, इथे 'प्लेंटी' नाम म्हणून एकटा येतो. तरी मी त्यांना म्हटलं, पावला-पावलावर भाकरी आणि पाणी हे चित्र सोडू नका. आधी मूळ ओळ माळवीत म्हणा, मग 'ब्रेड ॲट एव्हरी टर्न, वॉटर ॲट एव्हरी स्टेप' सांगा, आणि मग वाटलं तर 'लँड ऑफ प्लेंटी' जोडा. 'अबंडंट रिसोर्सेस' तर नकोच, त्याला सरकारी अहवालाचा वास येतो.

१६. 'फेअर इनफ', 'फनिली इनफ', 'शुअर इनफ' यांत काय पुरेसं असतं?

काहीच नाही, हे बांधीव प्रयोग आहेत. 'फेअर इनफ' म्हणजे 'बरं, पटलं'. 'फनिली इनफ' म्हणजे 'गंमत म्हणजे'. 'शुअर इनफ' म्हणजे 'आणि खरोखर तसंच झालं'.

१७. 'आय कान्ट थँक यू इनफ' म्हणजे आभार मानायला नकार?

अगदी उलट. हा प्रश्न विचारणाऱ्या काकांची मुलगी परदेशात बाळंत झाली. तिच्या शेजारणीसाठी त्यांनी इथून आभाराचा मेल लिहिला, तर मुलीने त्यात हे वाक्य घातलं, आणि काका रात्रभर अस्वस्थ होते की आपण उद्धटपणा केला. त्यांनी सकाळी सातला मला फोन केला. मी सांगितलं, काका, 'कान्ट' आणि 'इनफ' एकत्र वाचा: कितीही मानले तरी पुरणार नाहीत. आपण म्हणतो ना, 'तुमचे आभार मानावे तेवढे थोडे', तेच आहे हे. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, 'हो, मला हेच तर लिहायचं होतं.'